12 इंची तयार पेटी: पोर्टआधी स्पायडर बघा

बेळगाव, निपाणी, चिकोडी पट्ट्यात गाडीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत 12 इंची सबवूफरसाठी (फक्त बेस वाजवणारा स्पीकर) तयार रिकामी पेटी मिळते. पुढे गोल भोक, शेजारी 110 मिमी पीव्हीसी पाइपाचा 15 सेंमीचा तुकडा (हाच पोर्ट, हवा ये-जा करण्याची वाट), वरून काळं कार्पेट. या परीक्षणासाठी धरलेल्या पेटीचं आतलं माप 45 × 36 × 32 सेंमी, म्हणजे 52 लिटर. स्पीकरचा मागचा भाग, पाइप आणि कोपऱ्यातल्या पट्ट्या वजा केल्या की साधारण 45 लिटर हवा उरते. पेटी म्हणून ती वाईट नाही. पण "कुठलाही 12 इंची बसतो" असं सांगून ती विकतात. भोकात बसतो, हे खरं. पेटीशी जमतोच असं नाही.

दोन स्पीकर घ्या. मॅग्नेट तेच, कॉइल तीच, कोनचं हलतं वजन दोघांचं 150 ग्रॅम. फरक फक्त स्पायडर (कोनला मागून धरणारी चुणीदार चकती) आणि सराउंडचा (कोनच्या कडेची लवचीक पट्टी), म्हणजे सस्पेन्शनचा. पहिल्यावर, म्हणजे मऊ स्पीकरवर, 100 ग्रॅम वजन ठेवलं की कोन पाव मिलिमीटर खाली जातो, दुसऱ्यावर, म्हणजे कडक स्पीकरवर, जेमतेम 0.10 मिमी. एवढ्या फरकाने पहिल्याचा एफएस (पेटीबाहेर कोन ज्या सुराला आपोआप डोलतो तो) 26 हर्ट्झ, दुसऱ्याचा 41. पहिल्याचा व्हीएएस (सस्पेन्शनइतकीच लवचीक असणारी कोंडलेली हवा) सुमारे 89 लिटर, दुसऱ्याचा 35. आणि पहिल्याचा क्यूटीएस (कोनचं डोलणं किती आवरतं त्याचा आकडा; कमी म्हणजे जास्त आवर) 0.40 असेल तर दुसऱ्याचा 0.63 च्या आसपास जातो.

आता पाइप काढून पेटी बंद करा. कोंडलेली हवा ही दुसरी स्प्रिंग, ती स्पायडरच्या जोडीला येते. मऊ स्पीकर 45 लिटरमध्ये क्यूटीसी (पेटीत बसवल्यावरचा क्यूटीएस) 0.69 देतो आणि 45 हर्ट्झपर्यंत नेटका उतरतो. याहून चांगलं काही मागायला नको. कडक स्पीकर त्याच पेटीत 0.84 आणि 55 हर्ट्झवर अडकतो. त्याला 0.7 वर आणायचं तर 135 लिटरच्या पुढची पेटी लागेल. "स्पीकर कडक आहे, छोटी पेटी चालेल" हा सल्ला सर्रास मिळतो, पण मॅग्नेट तेच असेल तर गणित नेमकं उलटं आहे. कडक स्पायडरवर छोट्या पेटीची कडक हवा चढवली की खालचा आवाज मरतो आणि वरचा घुमायला लागतो.

पाइपासकट वाजवलं तर गोष्ट आणखी बिघडते. 15 सेंमी पाइपाने ही पेटी जवळपास 50 हर्ट्झवर ट्यून होते, म्हणजे त्या सुराला पाइपातली हवा सर्वांत जोरात हलते. किकचा ठोका तिथेच पडतो, म्हणून दुकानात दणदणीत वाटते, पण प्रत्येक गाण्याचा बेस एकाच सुरात येतो. ट्यूनिंगच्या खाली पोर्टमधून हवा मोकळी ये-जा करते, हवेची स्प्रिंग संपते आणि कोनला आवरायला फक्त सस्पेन्शन उरतं. मऊ स्पीकर इथे 30 हर्ट्झच्या सुराला भलताच पुढे-मागे जातो, कॉइल मागच्या प्लेटवर आपटते, "टक" असा कोरडा आवाज येतो. तो आला की व्हॉल्यूम लगेच खाली घ्या. ॲम्प्लिफायरवर सबसॉनिक फिल्टर (ठरवलेल्या सुराखालचा आवाज कापणारा) असेल तर या पेटीला 40 हर्ट्झवर ठेवा.

ट्यूनिंग 38 वर आणायला पाइप सुमारे 33 सेंमी हवा. पेटीची खोली 32, त्यामुळे सरळ पाइप मागच्या फळीला टेकतो, आणि पाइपाच्या तोंडामागे निदान त्याच्या व्यासाएवढी जागा तर मोकळी हवीच. एल्बो लावा किंवा पाइप बाजूच्या फळीतून, 45 सेंमीच्या दिशेने, मॅग्नेटच्या मागून न्या. फिल्टर मग 30 वर. तरीही मऊ स्पीकरसाठी आमचं मत पाइप काढून भोकावर 6 सूत प्लायची चकती सिलिकॉनने बसवण्याचंच आहे.

कडक स्पीकरला ही पेटी घेऊच नका. कारमध्ये त्याला डिकीच्या बाजूने फळीवर, पेटीशिवाय लावणं जास्त शोभतं. तिथे हवेची स्प्रिंग जवळपास नसते, म्हणून कडक स्पायडर कामाला येतो. मात्र फळी चारी बाजूंनी सीलबंद हवी.

गणपतीच्या मिरवणुकीतल्या 18 इंची स्पीकरांचं सराउंड कापडी, चुणीदार आणि कडकच असतं, तरी ते पोर्टमध्ये वाजतात. कारण त्यांचं मॅग्नेट जबरदस्त असतं आणि क्यूटीएस खाली ओढतं. म्हणून नुसतं बोटाने दाबून निकाल देऊ नका. एफएस भागिले क्यूईएस (क्यूटीएसमधला मॅग्नेट-कॉइलचा वाटा), 50 च्या खाली बंद आणि 100 च्या वर पोर्ट, हा नियमही इथे आंधळा आहे: सस्पेन्शन कडक झालं की दोन्ही आकडे एकाच प्रमाणात वाढतात, उत्तर तेच राहतं. आमच्या दोन्ही स्पीकरांचं ते 60 च्या आसपासच येतं.

डेटाशीट नसेल तर मोजा. स्पीकर दोन ठोकळ्यांवर उताणा ठेवा, मॅग्नेटचं मागचं भोक झाकू नका. 1 किलो-ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घालून मोबाइलवरून सूर फिरवा. स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर सर्वांत जास्त व्होल्टेज दाखवेल तो एफएस. मग डस्ट कॅपभोवती (कोनच्या मधली टोपी) 10 रुपयांची 10 नाणी क्लेने चिकटवा (सुमारे 77 ग्रॅम, क्लेचं वजन त्यात मिळवा) आणि पुन्हा मोजा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, वर्ग करा, 1 वजा करा, त्याने चिकटवलेल्या वजनाला भागा: कोनचं वजन मिळालं. 26 चा 21 झाला तर सुमारे 145 ग्रॅम. एफएस, हे वजन आणि कोनचा व्यास दिला की सस्पेन्शनचा कडकपणा आणि व्हीएएस कुठलंही पेटीचं सॉफ्टवेअर काढून देतं.

नवा स्पीकर डेटाशीटपेक्षा कडक निघाला तर घाबरू नका. स्पायडर 20 टक्के कडक असला तरी मऊ स्पीकरच्या बंद पेटीत फरक 3 टक्क्यांचाच पडतो, कारण तिथे दोन तृतीयांश स्प्रिंग हवेची आहे. बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर असल्याने इथली हवाच थोडी मऊ. इथे 45 लिटर म्हणजे कारवारच्या किनाऱ्यावरचे जवळपास 49. पोर्टच्या ट्यूनिंगवर मात्र उंचीचा परिणाम नाही.

घेताना कार्पेटची कड उचलून आत एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) आहे का बघा. खानापूरच्या पावसात त्याच्या कडा फुगतात आणि सांधे सुटतात. प्लाय असेल तरच घ्या. टर्मिनलच्या कपाभोवती हमखास गळती असते. पेटी बंद केल्यावर कोन हलकेच दाबून काही क्षण धरा आणि सोडा, तो सावकाश परत आला पाहिजे. झटकन आला तर आधी तिथे सिलिकॉन भरा.