साइन की कोसाइन? माझा हात आता कुठे जातो

त्रिकोणाची न कळलेली बाजू किंवा कोन काढायची सूत्रं दोन: साइनचं (बाजू भागिले समोरच्या कोनाचा साइन, तिन्ही बाजूंना सारखंच) आणि कोसाइनचं (कोनाचा कोसाइन = लगतच्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज वजा समोरच्या बाजूचा वर्ग, भागिले लगतच्या बाजूंच्या गुणाकाराची दुप्पट). तुम्हाला पाठ असणार, म्हणून जास्त मांडत नाही. प्रश्न एवढाच, की त्रिकोण समोर आला की हात आधी कुठे जावा.

माझा वर्षानुवर्षं साइनकडे जायचा. सुटसुटीत काम. एक गुणाकार, एक भागाकार, झालं. लॉग टेबल घेऊन बारावी झालेल्यांना तर कोसाइन नकोसाच वाटायचा, कारण लॉगनं गुणाकार सोपा होतो, पण मध्येच बेरीज-वजाबाकी आली की सगळं अडतं. आणि मोठ्या मोजण्या साइनवरच उभ्या आहेत हेही खरं. १८०२ साली ब्रिटिश सर्वेक्षक लॅम्बटननं मद्रासजवळ एक आधाररेषा मोजली, आणि पुढचे त्रिकोण थिओडोलाइटनं, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीनं, कोन घेत घेत साइननंच वाढत गेले. एक बाजू आणि दोन कोन हातात असतील तर आजही दुसरा विचार करू नये.

पण आपल्याकडे थिओडोलाइट कुठला? असतो तो टेप.

मिरजेच्या बाजूला मामांचा कालव्याकडेचा तिकोनी तुकडा आहे, दीड गुंठ्याच्या आतला. कुंपणाच्या वरचा पाइप कोपऱ्यांवर वाकवून हवा होता. मामांनी फोनवर मापं सांगितली: १०५, ७० आणि ५० फूट. मी सांगलीत घरी बसून ७० फुटांसमोरचा कोन कोसाइननं काढला, ३४.८ अंश. मग कंटाळा आला, म्हणून १०५ समोरच्या कोनाला साइन लावला. कॅल्क्युलेटर म्हणाला ५८.८. वजाबाकी करून तिसरा आला ८६.४. बेरीज चोख १८०, म्हणून आकडे वेल्डरला कळवून मोकळा झालो.

पाइप जागेवर गेल्यावर मामांचा फोन. "आरं, कोपरा हितं पसरलाय, आन् तू धाडलायस निमुळता!"

खरा कोन १२१.२ होता. दोघांचा साइन एकच, ०.८५५, आणि साइन इन्व्हर्स दाबलं की कॅल्क्युलेटर नेहमी लघुकोनच दाखवतो. विशालकोनाची शंका आपली आपल्यालाच यावी लागते. सगळ्यात छोट्या, ५० फुटांच्या बाजूसमोर सगळ्यात मोठा कोन बसलेला मला दिसायला हवा होता, हे कबूल. पण बेरीज जुळली की माणूस पुन्हा बघत नाही.

कोसाइनमध्ये ही भानगड होतच नाही. १०५ चा वर्ग ११०२५, बाकी दोघांच्या वर्गांची बेरीज ७४००; बेरजेतून तो वर्ग वजा करायचा. उत्तर उणे आलं, की कोन विशाल. इन्व्हर्सपर्यंत जायच्या आधीच कळतं. या एका उणे चिन्हासाठी मी तीन वर्ग करायला आता कुरकुरत नाही.

कोसाइनचंही एक दुखणं आहे, ते लपवत नाही. लांबट, पट्टीसारखा त्रिकोण असेल तर निमुळत्या कोनाला तो बिचकतो. ३ अंशांचा कोसाइन ०.९९८६, ४ अंशांचा ०.९९७६, म्हणजे टेप जरा ढिला धरला की कोन इकडचा तिकडे. तिथे साइन बरा, असं मला वाटतं. तसाही साइनचा मोह सुटत नसेल तर एवढं करा: सगळ्यात मोठ्या बाजूसमोरचा कोन आधी कोसाइननं काढून टाका. उरलेले दोन लघुकोनच असतात, तिथे साइन फसवत नाही.

राहिला दोन बाजू आणि त्यांच्यामधला नसलेला कोन. तिथे पुस्तकं साइनच सुचवतात, आणि दुसरा त्रिकोण शक्य आहे का, हे आपल्याला वेगळं तपासावं लागतं. मी तिसरी बाजू अज्ञात धरून कोसाइन मांडतो. वर्गसमीकरण होतं, वेळ जरा जास्त जातो. पण दोन धन उत्तरं आली की दोन त्रिकोण, एकच धन आलं की एक, आणि धन उत्तरच नसेल तर टेप धरणाऱ्याला परत फोन.