धंद्याचे संपर्क संगणकावर आणि मोबाइलवर: गुगल, आउटलुक, आयक्लाउड की एक्सेलची फाइल?

दुकान असो, छोटा कारखाना असो की दोन-चार माणसांचे सल्लागार कार्यालय असो, ग्राहकांची आणि पुरवठादारांची नावे बहुतेक ठिकाणी दोन जागी साठत जातात. बिले करणाऱ्या संगणकावर फर्मचे पूर्ण नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक आणि ईमेल असतो. मालकाच्या मोबाइलमध्ये त्याच माणसाची नोंद 'पाटील पाइप' आणि 'पाटील पाइप नवीन' अशी दोनदा असते आणि त्यांतला कोणता नंबर चालू आहे, हे फक्त मालकालाच ठाऊक असते. या दोन याद्या एकसारख्या ठेवण्याचे मार्ग आज सहज उपलब्ध आहेत. त्यांतला कोणता कोणाला सोयीचा, हे मात्र एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते: मूळ नोंदवही कोठे राहणार आणि ती कोणाच्या मालकीची असणार? अ‍ॅपची निवड त्यानंतरची आहे. हा प्रश्न न सोडवता सिंक चालू केल्यामुळे यादीचा विचका झालेली कार्यालये मी पाहिली आहेत.

नकल करणे आणि सिंक करणे यांतला फरकही आधी ध्यानात घ्यायला हवा. संगणकावरची यादी एकदा फोनमध्ये उतरवली, तर त्या दिवसापुरत्या दोन्ही याद्या सारख्या असतात आणि दुसऱ्या दिवसापासून त्या वेगळ्या होऊ लागतात. सिंकमध्ये एकीकडचा बदल आपोआप दुसरीकडे जातो आणि त्यात पुसलेली नोंदही आली. फोनमध्ये चुकून काढलेले नाव काही क्षणांत संगणकावरूनही जाते, म्हणून सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. पूर्वी नोकिया पीसी सूटसारख्या प्रणालीने केबल लावून आउटलुकमधली नावे फोनमध्ये नेता येत असत. तेव्हा केबल लावीपर्यंत चूक एकाच जागी राहत असे. आता ती लगेच सगळीकडे पोहोचते.

फाइलने ने-आण

सर्वात साधा मार्ग म्हणजे यादी फाइलमध्ये काढून दुसरीकडे चढवणे. त्यासाठी दोन प्रकारच्या फाइली वापरात आहेत: व्हीकार्ड, म्हणजे व्हीसीएफ, आणि सीएसव्ही, जी एक्सेलमध्ये उघडते. खाते नको, इंटरनेट नको आणि नावे कोणाच्या सर्व्हरवरही जात नाहीत, हे या मार्गाचे खरे बळ आहे. ज्यांची यादी वर्षात दोन-तीनदाच बदलते, त्यांना एवढे पुरते. ज्यांच्याकडे रोज नवे नाव येते, त्यांनी या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मार्गावरचा सर्वात मोठा धोका एक्सेलमध्ये आहे आणि तो मी स्वतः अनुभवला आहे. गुगलवरून काढलेली सीएसव्ही फाइल एक आडनाव दुरुस्त करण्यासाठी मी एक्सेलमध्ये सरळ उघडली, दुरुस्ती केली, फाइल साठवली आणि परत चढवली. एक्सेलने अधिक ९१ने सुरू होणारा प्रत्येक मोबाइल नंबर ही एक मोठी संख्या आहे असे समजून अधिकचे चिन्ह काढून टाकले होते, आणि बारा अंकी संख्या त्याला रकान्यात पूर्ण दाखवता येत नसल्यामुळे तिचे रूप 'नऊ पूर्णांक काही, पुढे इंग्रजी ई, अधिक ११' असे केले होते. सीएसव्ही साठवताना जे पडद्यावर दिसते तेच लिहिले जाते, त्यामुळे नंबरांचे शेवटचे अंक कायमचे गेले. जुनी फाइल वेगळी ठेवलेली होती म्हणून यादी वाचली. दूरध्वनीच्या नंबरांचेही असेच होते: सांगलीचा ०२३३ किंवा कोल्हापूरचा ०२३१ फाइल उघडताच पुढचे शून्य गमावून बसतो. यावर उपाय आहे. फाइलवर दोनदा टिचकी मारून ती उघडण्याऐवजी एक्सेलच्या 'डेटा' विभागातून ती आत घ्यावी आणि नंबरांचे रकाने 'टेक्स्ट' म्हणून निवडावेत. लिबरऑफिस कॅल्क ही मोफत प्रणाली फाइल उघडतानाच रकान्यांचा प्रकार आणि लिपीची सांकेतिक पद्धत विचारते, म्हणून अशा कामासाठी मला ती अधिक भरवशाची वाटते. तिथे 'यूटीएफ-८' निवडले, तर देवनागरी नावेही शाबूत राहतात.

व्हीकार्डमध्ये नंबर बिघडत नाहीत, पण आवृत्तीची अडचण आहे. १९९६ची २.१ ही आवृत्ती अनेक अँड्रॉइड फोन अजूनही फाइल काढताना वापरतात. तिच्यात देवनागरी अक्षरे '=' या चिन्हांनी जोडलेल्या संकेतांच्या माळेच्या रूपात लिहिली जातात. वाचणाऱ्या प्रणालीला ही पद्धत कळली नाही, तर 'शिंदे'च्या जागी तीच माळ दिसते. म्हणून फोनमधून थेट फाइल काढण्यापेक्षा यादी आधी गुगल किंवा अ‍ॅपलच्या आयक्लाउडच्या खात्यात नेऊन तिथून काढलेली फाइल अधिक स्वच्छ असते.

गुगल खाते

कार्यालयातले फोन अँड्रॉइडचे असतील आणि संगणकावरचे काम ब्राउझरमध्ये चालत असेल, तर गुगल कॉन्टॅक्ट्स हा बहुतेकांसाठी पहिला आणि पुरेसा पर्याय आहे. फोनवर नाव टाकले की ते संगणकावर दिसते आणि संगणकावर पत्ता भरला की तो फोनवर येतो. यादी बाहेर काढण्यासाठी गुगलचा सीएसव्ही, आउटलुकला समजणारा सीएसव्ही आणि व्हीकार्ड असे तिन्ही मार्ग खुले आहेत, त्यामुळे पुढे घर बदलायचे ठरले तरी अडकून पडायला होत नाही. फाइल आत घेताना एका वेळी ३,००० नावांची मर्यादा आहे. यादी त्याहून मोठी असेल, तर ती तुकड्यांत चढवावी लागते.

मला गुगलची सर्वात मोलाची वाटणारी सोय म्हणजे मागे जाण्याची. पुसलेली नोंद ३० दिवस कचरापेटीत राहते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे संपूर्ण यादीच गेल्या ३० दिवसांतल्या एखाद्या वेळी जशी होती, तशी परत आणता येते. दुहेरी नोंदींच्या एकत्रीकरणात शेकडो नावे चुकीची जोडली गेली, तर एकेक नोंद दुरुस्त करत बसण्यापेक्षा हे एक पाऊल मागे जाणे किती मोलाचे असते, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळते.

उणीव दोन ठिकाणी जाणवते. अँड्रॉइड फोनमध्ये नवे नाव 'फोन', 'सिम' किंवा 'गुगल' यांपैकी कोठेही साठू शकते आणि फोनमध्ये किंवा सिमवर साठलेले नाव आपोआप खात्यात जात नाही. 'सिंक चालू आहे, तरी नाव संगणकावर दिसत नाही' या तक्रारीच्या मुळाशी बहुधा हेच असते. त्यावर उपाय म्हणजे नवे संपर्क साठवण्याचे ठिकाण सेटिंगमध्ये एकदाच 'गुगल' असे ठरवून द्यावे. अलीकडे त्यात आणखी एक जागा वाढली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने संपर्क स्वतःच्याच खात्यात साठवण्याची सोय जाहीर केली. जे नाव तिथेच ठेवले, ते फोनबुकमध्ये येत नाही. दुसरी उणीव आउटलुकशी जोडताना दिसते. जुन्या आउटलुकमध्ये जीमेल खाते जोडले की पत्रे येतात, संपर्क येत नाहीत, कारण आयमॅप ही पद्धत फक्त पत्रांची वाहतूक करते.

आउटलुक आणि मायक्रोसॉफ्टचे खाते

संगणकावरचे कामच आउटलुकमध्ये चालत असेल, निविदा, ऑर्डरी आणि बैठका सगळे तिथेच असेल, तर मूळ नोंदवही आउटलुककडे ठेवणे योग्य. मात्र 'आउटलुक' हे एकच नाव फार वेगळ्या गोष्टींना दिले जाते. पॉप पद्धतीच्या, म्हणजे पत्रे सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेणाऱ्या, खात्यावर चालणाऱ्या जुन्या आउटलुकमधले संपर्क त्याच संगणकावरच्या पीएसटी फाइलमध्ये असतात. ते कोणत्याही फोनवर स्वतःहून जात नाहीत आणि डिस्क बिघडली तर तिच्याबरोबर तेही जातात. याउलट मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा एक्स्चेंजच्या (मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयीन ईमेल सर्व्हरच्या) खात्यातले संपर्क सर्व्हरवर असतात आणि फोन त्या सर्व्हरशी थेट बोलतो. म्हणून आउटलुक वापरणाऱ्याने आधी आपले खाते कोणत्या प्रकारचे आहे ते पाहावे. पॉपचे असेल, तर नुसते फोनवर अ‍ॅप टाकून काही साधणार नाही.

फोनच्या बाजूने बारकावा असा आहे की अँड्रॉइडवर आउटलुक अ‍ॅप आणि फोनचे संपर्क यांच्यात दोन्ही बाजूंनी बदल जातात, पण आयफोनवर अ‍ॅप नावे फक्त फोनकडे ढकलते. फोनच्या संपर्क अ‍ॅपमध्ये केलेली दुरुस्ती आउटलुककडे परतत नाही. आयफोनवर दुतर्फा सिंक हवा असेल, तर अ‍ॅपवर अवलंबून न राहता फोनच्या सेटिंगमध्येच एक्स्चेंज खाते जोडून त्यातला संपर्कांचा पर्याय चालू करावा. विंडोजच्या नव्या आउटलुकमध्ये जीमेलचे खाते जोडले, तर संपर्कही येतात, पण त्यासाठी पत्रे, दिनदर्शिका आणि संपर्क यांची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर ठेवली जाते. ज्यांना आपली यादी एकाच कंपनीकडे असावी असे वाटते, त्यांनी होकार देण्यापूर्वी ती सूचना वाचावी.

आयक्लाउड, आणि स्वतःचा सर्व्हर

आयफोन आणि मॅक दोन्ही वापरणाऱ्यांनी फार विचार करू नये, आयक्लाउड निवडावा. तिथेही गेल्या ३० दिवसांतल्या जुन्या प्रती संकेतस्थळावरून परत आणता येतात. फोन आयफोन आणि संगणक विंडोजचा असेल, तर विंडोजसाठीच्या आयक्लाउडने आउटलुकशी जोड होते, पण माझ्या मते असा मिश्र संसार गुगल किंवा एक्स्चेंजवर अधिक सुखाने चालतो. कार्यालयात एकही अँड्रॉइड फोन असेल, तर आयक्लाउडला मूळ नोंदवही करू नये.

पाचवा मार्ग कार्डडॅव्हचा. २०११ मध्ये निश्चित झालेले हे संपर्कांच्या सिंकचे खुले मानक आहे आणि आयफोनमध्ये व मॅकमध्ये ते मुळातच आहे. अँड्रॉइडवर त्यासाठी डॅव्हएक्स फाइव्हसारखे वेगळे अ‍ॅप घालावे लागते. नेक्स्टक्लाउड ही खुली प्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर बसवली, तर यादी पूर्णपणे आपल्या हातात राहते आणि अनेकांना एकच संपर्कवही देता येते. हे मला मनापासून आवडते, तरीही सर्व्हरचे अपडेट आणि बॅकअप नेमाने पाहणारा माणूस ज्यांच्याकडे नाही, त्यांना मी याची शिफारस करत नाही.

यादी कोणाची?

मालक एकटा असेल, तर हा प्रश्न उद्भवत नाही. विक्रीसाठी फिरणारी दोन माणसे ठेवली की तो उभा राहतो. विक्री प्रतिनिधी ग्राहकांचे नंबर स्वतःच्या खात्यात साठवतो, नोकरी सोडतो आणि चार वर्षांची ओळख त्याच्याबरोबर जाते. त्यात त्याचा दोष नसतो, कारण कार्यालयाने त्याला दुसरी जागाच दिलेली नसते. गुगलच्या वैयक्तिक खात्यात एखादे लेबल (संपर्कांचा गट) दुसऱ्या खात्याशी कायमचे जोडून देण्याची सोय नाही. म्हणून लहान कार्यालये केवळ संपर्कांसाठी एक वेगळे खाते काढतात, ते सगळ्यांच्या फोनवर जोडतात आणि त्यातला संपर्कांचाच सिंक चालू ठेवतात. माणूस गेला की त्याच्या उपकरणातून ते खाते काढायचे आणि पासवर्ड बदलायचा. खाते निघाले की त्याची नावे फोनमधूनही जातात. ही युक्ती चालते, पण तिच्यात प्रत्येकाला सगळे दिसते आणि प्रत्येकाला सगळे पुसताही येते. पाच-सहा माणसांपुढे ती टिकत नाही. तिथे गुगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ यांचे दर माणशी वर्गणीचे खाते घेणेच शहाणपणाचे, कारण त्यात खाते कार्यालयाचे असते, माणसाचे नव्हे. शिवाय २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे लोकांची माहिती कशी सांभाळली जाते, याची जबाबदारी व्यवसायावर येते. ती यादी कर्मचाऱ्यांच्या खासगी खात्यांत विखुरलेली असेल, तर ही जबाबदारी पार पाडणे अवघड आहे.

एवढे वाचून निवड करायची, तर ब्राउझर आणि अँड्रॉइड असणाऱ्यांनी गुगल घ्यावे, आउटलुकवर कार्यालय चालणाऱ्यांनी एक्स्चेंज किंवा ३६५ घ्यावे, आणि घरात सगळे अ‍ॅपलचे असणाऱ्यांनी आयक्लाउड घ्यावा. दोन सिंक एकाच यादीवर कधीही लावू नयेत. आयफोनमध्ये आयक्लाउड आणि गुगल दोन्ही चालू आणि संगणकावर तिसरीच जोड असली, की एकाच माणसाच्या तीन नोंदी होतात आणि त्यांतली कोणती पुसायची, हे कोणालाच सांगता येत नाही.

सिंक चालू करण्यापूर्वी यादी नीट करून घ्यावी. प्रत्येक नंबर अधिक ९१ आणि दहा अंक अशा एकाच रूपात लिहावा, म्हणजे दुहेरी नोंदी ओळखू येतात. नावे देवनागरीत की इंग्रजीत, हे एकदाच ठरवावे. पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक स्वतः बनवलेल्या रकान्यात न ठेवता 'टिपण' या रकान्यात ठेवावा, कारण वेगळे रकाने एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत जाताना बऱ्याचदा गळतात आणि टिपण टिकते. मग दोन्हीकडच्या याद्यांची फाइल काढून पेन ड्राइव्हवर ठेवावी, सिंक चालू करावा आणि 'चाचणी' नावाची एक नोंद संगणकावर करून ती फोनवर येते का ते पाहावे. फोनवर तिचा नंबर बदलावा आणि तो संगणकावर बदलतो का ते पाहावे. शेवटी ती फोनवरून पुसावी आणि संगणकावरून गेल्याची खात्री करून घ्यावी. या तिन्ही गोष्टी जुळल्या, की उरलेली यादी चढवायला हरकत नाही.