सायकलसाठी कॅमेरा घेताना मी असा फसलो

मी अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात, एका खेड्यात राहतो आणि रोज सकाळी सायकलने मोर्शीला कामावर जातो. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. आंबिया बहाराची संत्री निघायला लागली की आमच्या रस्त्याची तऱ्हाच बदलते. क्रेट रचलेल्या पिकअप, ट्रॅक्टर, ट्रक, सगळ्यांनाच घाई. दोनदा गाड्या हँडलला घासून गेल्या, तेव्हा घरच्यांनी म्हटलं, कॅमेरा लावून घ्या.

मोबाईलवर जाहिरात दिसली. फोर-के, वॉटरप्रूफ, वर चित्रण साठवायचं 128 जीबी मेमरी कार्ड मोफत, किंमत 3,499 रुपये, पैसे वस्तू घरपोच आल्यावर. डिलिव्हरीवाल्या पोराने आधी पैसे घेतले, मगच खोकं हातात दिलं. आत बिल नव्हतं. तेव्हाच मी ते परत करायला हवं होतं.

पहिल्या दिवशी जाऊन आलो आणि घरी चित्रण लावून पाहिलं. कडुलिंब, नाल्यावरचा पूल, शाळेचा फलक, सगळं ओळखू येत होतं. त्या एका दिवसाच्या भरवशावर मी पुढचा दीड महिना काढला.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी मागून आलेल्या पिकअपमधून बाहेर निघालेलं क्रेट माझ्या कोपराला लागलं. मी मुरमावर आदळलो, मनगटाचं हाड मोडलं. गाडी थांबलीसुद्धा नाही. पडल्या पडल्या कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकताना दिसला आणि तेवढ्या दुखण्यातही जिवाला आधार वाटला, की नंबर सापडेल.

ठाण्यात हवालदारसाहेबांनी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. त्या सकाळच्या फायली होत्या, वेळही बरोबर होती. एकही उघडली नाही.

मग मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या पोराने कार्ड तपासलं आणि म्हणाला, "भाऊ, हे कार्ड डुप्लिकेट हाय. वरतं 128 लिवलं, आतमंदी आठच हाय. तुमाले कोनं देलं?"

अशा कार्डाला आपण 128 चे आहोत असं खोटं सांगायला शिकवलेलं असतं. कॅमेरा त्यावर विश्वास ठेवून लिहीत राहतो. खरी जागा भरली की फायलींची नावं तेवढी उमटतात, आत चित्रण नसतं. माझी जागा पहिल्या काही दिवसांतच भरली असणार, म्हणून पहिल्या दिवशीचं सगळं नीट दिसलं. दुकानातल्या पोराने तेच चित्रण थांबवून मोठं करून दाखवलं. पुढून गेलेल्या ट्रकच्या नंबर प्लेटच्या जागी नुसती पांढरी पट्टी. फोर-के म्हणजे 3840 बाय 2160 ठिपके. इथे लहान चित्र ताणून तेवढं केलेलं होतं.

जाहिरातीतला नंबर तोवर बंद झाला होता. बिल नसल्याने बोलायलाही जागा नव्हती. तरी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. त्यासाठी 2 वर्षांची मुदत असते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पण बिल जपा हो, त्याच्यावाचून सगळं अवघड होतं.

आता कोणी विचारलं तर मी आधी कार्डाबद्दलच बोलतो. कार्ड वेगळं, ओळखीच्या दुकानातून, बिलासकट घ्या. ते काठोकाठ भरा आणि पहिली, मधली, शेवटची अशा फायली उघडून बघा. कॉम्प्युटर असेल तर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्राम हेच काम करतो. कॅमेऱ्याची पारख आपल्याच रस्त्यावर, परत करायची मुदत असेपर्यंत करा. शेजाऱ्याला मोटारसायकल घेऊन वेगाने जवळून जायला सांगा, सकाळी एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा, आणि प्लेट वाचता येते का बघा. अंधारात चांगल्या कॅमेऱ्यातही नंबर पुसट येतो. म्हणून गाडी घासून गेली की नंबर मोठ्याने म्हणायचा, माइकमध्ये आवाज राहतो. खोट्या फोर-केपेक्षा खरा फुल एचडी बरा. उन्हाळ्यात कॅमेरा उन्हात सायकलवर ठेवून जाऊ नका, आमच्याकडच्या मे महिन्यात बॅटरी फुगते.

माझं प्लास्टर मागच्या आठवड्यात निघालं. त्या पिकअपचा नंबर अजून मिळालेला नाही.