गंगापूर रोडवरील वर्तन-मार्गदर्शन केंद्र : पालकाचा अनुभव

आमचा नऊ वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिझम असलेला) आहे. तो वर्गात कान झाकून किंचाळतो, क्वचित स्वतःचे मनगट चावतो. ‘हट्टी आहे’ हा शेरा ऐकून थकल्यावर आम्ही या केंद्रात गेलो. तेथील ताईंनी उपाय सांगण्याआधी दोन आठवडे एक वही भरायला लावली : वर्तनापूर्वी काय घडले, मुलाने नेमके काय केले आणि त्यानंतर त्याला काय मिळाले किंवा काय टळले. हे काम कंटाळवाणे होते, परंतु त्यातूनच उलगडले की किंचाळणे बहुधा बाके सरकवण्याच्या कर्कश आवाजाने सुरू होत असे आणि शिक्षा म्हणून वर्गाबाहेर काढल्यावर त्याला हवी असलेली शांतताच मिळत असे. मग त्याला ‘बाहेर जायचे आहे’ असे चित्रकार्ड दाखवायला शिकवले. आता तो बहुतेक वेळा कार्डच पुढे करतो; मनगटावरचे वळ मात्र पूर्ण गेलेले नाहीत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश असल्याने शाळेकडे अशी सोय मागता येते, हेही येथेच समजले. तक्रार एवढीच की अहवाल केवळ इंग्रजीत मिळतो, त्यामुळे वर्गशिक्षिकेसाठी तो मलाच मराठीत लिहून काढावा लागला, आणि शाळाभेटीचे शुल्क वेगळे आहे, हे आधी सांगितले गेले नाही.