८० लिटरचं ड्राय कॅबिनेट: आकडा हवेचा, ओल कागदाची

आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या विजेच्या कपाटाच्या डिस्प्लेवर आर्द्रता ४५ टक्के, आणि आत फोटोंच्या प्रिंटच्या डब्यात ठेवलेल्या सुट्या हायग्रोमीटरवर, म्हणजे आर्द्रता मोजणाऱ्या उपकरणावर, ६३. तेही ऐन जुलैत, यंत्र अखंड चालू असताना. सेवा केंद्राचं उत्तर: "सर, डिस्प्ले फक्त इंडिकेशनसाठी असतो." मग आकडे कशाला दिले? नुसता हिरवा दिवा लावला असता तरी चाललं असतं.

लेन्ससाठी हे कपाट उत्तम, त्याबद्दल वाद नाही. काच आणि धातू पाणी पीत नाहीत. पुढचं सगळं लिहिलंय ते प्रिंट आणि निगेटिव्ह ठेवणाऱ्यांसाठी, पुण्याच्या हवेत एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरल्यावर. कपाट पेल्टिअर पद्धतीचं आहे, म्हणजे आत एक थंड पाटी, तिच्यावर दव धरतं आणि ते वातीतून मागच्या बाजूला जाऊन उडतं. म्हणून मागे भिंतीपासून चार बोटं जागा सोडा.

आधी डिस्प्ले. कंपनीवर विश्वास ठेवण्यापेक्षा मिठावर ठेवा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या आणि ओल्या वाळूइतकं भिजेल एवढेच थेंब पाणी घाला. मीठ पूर्ण विरघळलं तर चाचणी फुकट. झाकण आणि हायग्रोमीटर एकाच झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा आणि पिशवी न उघडता आकडा वाचा. २५ अंशाला तो ७५ यायला हवा. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत मिळणारे छोटे डिजिटल हायग्रोमीटर पाच अंक इकडेतिकडे असतातच. प्रत्येकाच्या पाठीवर त्याची चूक लिहून ठेवायची. ७५ ला जी चूक आहे तीच ४० ला असेल असं मात्र नाही. काटेकोर काम हवं असेल तर मिठाऐवजी मॅग्नेशियम क्लोराइड घेऊन दुसरी चाचणी करा, ते ३३ दाखवतं. प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्यांकडे मिळतं.

असा तपासलेला हायग्रोमीटर मधल्या फळीवर उघडा ठेवला तर ५१. म्हणजे डिस्प्ले सहा अंक कमी बोलतो. सेन्सर बसवलाय सर्किट बोर्डाला चिकटून, आणि हवा एक अंश तापली की ५० टक्क्यांना साधारण तीन अंक खाली येतात. दोन अंशांत हिशेब मिटला. सेन्सर बदलायला जेवढे मागितले तेवढ्यात चांगले चार हायग्रोमीटर येतात. नको म्हणून सांगितलं आणि आता कपाट ३८ वर लावतो.

पण ६३ आणि ५१ यांच्यातले उरलेले बारा अंक यंत्राच्या माथी मारता येत नाहीत, आणि इथेच या कपाटाबद्दलचं मत बदललं. २८ अंशाला, ८० टक्के दमट असताना ८० लिटर हवेत पाणी असतं जेमतेम पावणेदोन ग्रॅम. ते काढायला यंत्राला कितीसा वेळ? तासाभरात डिस्प्ले खूश. पाणी असतं कागदात. ८० टक्के आर्द्रतेत राहिलेला कागद आणि ४५ मध्ये राहिलेला कागद यांच्या वजनात साधारण पाच टक्क्यांचा फरक पडतो. पाच किलो प्रिंट म्हणजे पाव लिटर पाणी, तेही बंद डब्यात, एकावर एक दाबलेल्या थप्पीत. ते बाहेर यायला आठवडे लागतात. सिलिका जेलचा हिशेबही यातच येतो. ४५ टक्क्यांच्या आसपास जेल स्वतःच्या वजनाच्या पाव हिस्सा पाणी धरतं, म्हणजे एवढ्यासाठी किलोभर जेल लागेल. बुटांच्या खोक्यातली पाच ग्रॅमची पुडी टाकून निश्चिंत होणाऱ्यांना नमस्कार.

तेव्हा कपाट पावसाळ्यात भरायचंच नाही. फेब्रुवारीत भरायचं. त्या दिवसांत दुपारी पुण्याची हवा आपसूक कोरडी असते. प्रिंट जाळीवर किंवा स्वच्छ ब्लॉटरवर (टिपकागदावर) सुटे पसरायचे, डबे उघडे ठेवायचे, दोन-तीन दुपारी जाऊ द्यायच्या आणि डब्यातला आकडा ४० च्या आसपास आला की बंद करायचं. जे काम यंत्र महिनाभर धापा टाकत करतं ते इथली हवा फुकट करते. यंत्र जून ते ऑक्टोबर चालू ठेवायचं, एरवी प्लग काढून. विजेची बचत फार नाही, लेबलावर १५ वॉट आहेत, सतत चाललं तरी महिन्याला अकरा युनिटांच्या आसपास. पण एप्रिलमध्ये चालू ठेवणं उलट नुकसानीचं. बाहेरची आर्द्रता दुपारी विशीत उतरते आणि यंत्राला पाणी काढता येतं, घालता येत नाही. तिसाच्या खाली प्रिंटवरचं जिलेटिन ताठरतं, बॅरिटा (बेरियम सल्फेटचा थर दिलेल्या कागदावरचे) प्रिंट पन्हाळीसारखे वळतात आणि सरळ करायला गेलं की तडकतात. एप्रिल-मेमध्ये दार शक्यतो उघडूच नका. भरलेले डबे स्वतःची ओल स्वतः सांभाळतात.

गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली तर काय, असं विचारतात. पाच-सहा तासांत काही होत नाही. पाटीवरचं थोडं दव परत आत उडेल, एवढंच. दार बंद राहू द्या.

आता आत काय ठेवायचं. फळीवर ११×१४ इंचांचा डबा जेमतेम बसतो, १६×२० चा नाहीच, आणि प्रिंट गुंडाळून कोंबायचे नाहीत. जागा कमी असल्यामुळे निवड करावीच लागते आणि ती अशी करावी: कृष्णधवल निगेटिव्ह पहिल्या, मग ज्यांची निगेटिव्ह किंवा फाइल उरलेली नाही असे प्रिंट, मग स्वतः डार्करूममध्ये काढलेले बॅरिटा प्रिंट, प्रत्येक चित्राची एकच, सगळ्यात चांगली प्रत. टेस्ट स्ट्रिप (एक्स्पोजर ठरवायला काढलेल्या चाचणीच्या पट्ट्या), दुसऱ्या-तिसऱ्या प्रती, प्रदर्शनात टांगून परत आलेले फ्रेममधले प्रिंट बाहेर. फाइल शाबूत असलेला इंकजेट प्रिंट पुन्हा काढता येतो, त्याला इथे जागा नाही. ठेवायचाच असेल तर छापल्यावर निदान चोवीस तास उघडा वाळवा, नाहीतर शाईतले द्रव उडून समोरच्या प्लॅस्टिकवर धुकं धरतात.

रंगीत निगेटिव्ह आत ठेवल्या होत्या, आता काढल्या. रंगद्रव्यं उडतात ती मुख्यतः उष्णतेने, आणि हे कपाट थंड करत नाही. चालू असताना आतलं तापमान खोलीपेक्षा अंशभर जास्तच भरतं. पुण्याच्या मे महिन्यात तर बंद कपाटही खोलीइतकं तापतं. लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कोठारांत फिल्मसाठी तापमान आणि दमटपणा दोन्ही धरतात, ते उगीच नाही. घरी त्याला पर्याय फ्रीझर. निगेटिव्ह आधी ४० टक्क्यांच्या हवेत सुकवायच्या, मग एकात एक अशा दोन झिपच्या पिशव्यांत, हवा दाबून काढून बंद करायच्या. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर फिल्मवर दव धरतं. काचेच्या निगेटिव्ह फ्रीझरमध्ये अजिबात नकोत.

जुन्या ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ती या कपाटात कधीच नको. तिच्यातून निघणारं ॲसेटिक ॲसिड बंद जागेत साठतं आणि शेजारच्या चांगल्या फिल्मचीही झीज सुरू करतं. वेगळ्या, वारा खेळत्या जागी ठेवा आणि आधी स्कॅन करून घ्या.

पाकिटांबद्दल दुकानदार काय वाटेल ते सांगतात. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएथिलीन किंवा कोटिंग नसलेलं पॉलिएस्टर चालतं, पीव्हीसी नाही. शंका असेल तर तांब्याची तार ज्योतीत लाल करा, पाकिटाच्या कोपऱ्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर आत क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसी. खिडकी उघडी ठेवून करा, धूर वाईट असतो. प्लॅस्टिकच्या पाकिटात चकचकीत प्रिंट साठ-पासष्टच्या वरच्या दमटपणात राहिला तर जिलेटिन मऊ होऊन चिकटतं आणि आरशासारखे डाग पडतात, ते जात नाहीत. त्यामुळे प्रिंटना कागदी पाकिटंच बरी. सायनोटाइपसाठी (जुन्या पद्धतीच्या निळ्या प्रिंटसाठी) मात्र अल्कली घातलेला बफर्ड कागद नको, निळा रंग फिका पडतो. रबर बँड, सेलोटेप, डांबराच्या गोळ्या, सगळं बाहेर. आतला एलईडीचा दिवाही बंदच ठेवा, त्याची गरज फक्त दुकानात असते.

सुटी हार्ड डिस्क आत ठेवायला हरकत नाही, पण तिचा खरा बचाव दुसरी प्रत दुसऱ्या घरात असणं हाच.

कपाट तळमजल्यावर असेल तर टेबलावर चढवा. १२ जुलै १९६१ चं पानशेत विसरलेल्यांना २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्यावर पाणी शिरलेलं आठवत असेल.

घ्यायचं ठरलंच तर दुकानात डिस्प्लेकडे बघू नका, दाराची रबरी पट्टी बघा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. चारही बाजूंना, विशेषतः बिजागरीकडे खालच्या कोपऱ्यात. सहज सुटून आली तर दुसरं कपाट काढायला सांगा. तेही तसंच निघालं तर पॉलिप्रॉपिलीनचा घट्ट झाकणाचा डबा, किलोभर जेल आणि मिठाने तपासलेला हायग्रोमीटर घेऊन घरी या. ओलं जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवलं की पुन्हा वापरता येतं.