इंक्स लेकच्या काठावर आमचा ट्रेलर: सप्टेंबर ते मे, वापरानंतरचा अनुभव

गेल्या सप्टेंबरात आम्ही बावीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, घेतला, जुनाच, २०१९ चं मॉडेल. तेव्हापासून तो बहुतेक वेळा एकाच ठिकाणी नेलाय: ऑस्टिनच्या वायव्येला, बर्नेट काउंटीतल्या इंक्स लेक स्टेट पार्कात. थंडी झाली, ब्लूबॉनेट या निळ्या रानफुलांचा मोसम झाला, आता मे महिन्याचं ऊन सुरू आहे. एवढं वापरल्यावर बोलण्यासारखं बरंच साठलंय.

मत आधी सांगते. घरापासून दीड तासाच्या आत तळ्याकाठचं एखादं चांगलं स्टेट पार्क असेल आणि भारतातून आई-वडील येऊन राहत असतील, तर छोटा ट्रेलर जरूर घ्या. सगळी अमेरिका पालथी घालू म्हणून मोठी आरव्ही (चाकांवरचं मोठं घर) घ्यायचा विचार असेल, तर आधी एखादी भाड्याने घेऊन आठवडाभर फिरा आणि मग ठरवा.

आम्ही दोघं आणि लेक पूर्वी तंबू घेऊन कुठेही जायचो. अडचण आई-बाबा आले की व्हायची. आईचे गुडघे दुखतात, तिला जमिनीवर झोपवत नाही. रात्री दोनदा उठून टॉर्च घेऊन बाथहाउसपर्यंत (पार्कातल्या सामायिक न्हाणीघर-संडासापर्यंत) चालणं तर अशक्यच. त्यामुळे ते साताऱ्याहून एवढ्या लांब सहा महिन्यांसाठी येणार आणि आम्ही त्यांना मॉल, देऊळ आणि ओळखीच्यांची घरं दाखवणार. त्यांना गावाबाहेरचा टेक्सास, पहाटेचं तळं, रात्रीचं आभाळ दाखवायचं तर त्यांच्यासाठी नीट पलंग आणि चार पावलांवर संडास हवा. ट्रेलरचं आमच्या लेखी खरं मोल एवढंच आहे, आणि ते त्याने पुरेपूर फेडलंय.

इंक्स लेकच का, तर पाण्यामुळे. कोलोरॅडो नदीवरच्या हायलँड लेक्सच्या साखळीत वर लेक बुकॅनन आणि खाली लेक ट्रॅव्हिस हे साठवणीचे जलाशय. दुष्काळात त्यांचं पाणी इतकं खाली जातं की बोटींचे रॅम्प कोरडे पडतात. इंक्स धरण १९३८ साली पूर्ण झालं आणि त्याला पुराचे दरवाजेच नाहीत. वरून आलेलं पाणी वीजघरातून पुढे जातं, जास्त झालं तर सांडव्यावरून. त्यामुळे तळ्याची पातळी वर्षभर जवळपास सारखी राहते. काठावरची साइट घेतली तर पाणी खरोखर काठालाच असतं, चिखलाचा पट्टा तुडवत जावं लागत नाही. तळ्याकाठचं कॅम्पिंग म्हणून जे मनात असतं, ते इथे बाराही महिने मिळतं.

आता गाडीचं बोलू, कारण आपल्या लोकांचा हिशेब इथे हमखास चुकताना बघते. 'आमची एसयूव्ही पाच हजार पौंड ओढते' एवढ्यावर ट्रेलर पसंत केला जातो. त्या आकड्याइतकाच ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पेलोडचा, म्हणजे गाडी स्वतःवर किती भार पेलू शकते त्याचा, स्टिकर महत्त्वाचा. ट्रेलरच्या वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रेलर गाडीला जोडायच्या आकड्यावर), म्हणजे गाडीवर येतो. ट्रेलर भरून ५,००० पौंडांचा झाला तर हिचवर ५०० ते ७५० पौंड. गाडीत बसलेली पाच माणसं आणखी सातशे-साडेसातशे. एसयूव्हीचा पेलोड १,४०० असेल तर शिधा, बॅगा, कुकर काही न भरताच हिशेब काठावर येतो. आम्ही याच कारणाने पिकअप घेतला, सोबत वजन विभागणारा हिच आणि डोलणं रोखणारा बार. हायवेवर बाजूने अठरा चाकी ट्रक गेला की तो बार कशासाठी असतो ते कळतं.

पार्कात साइटवर पाण्याचा नळ आणि विजेचा खांब आहे, सांडपाण्याची जोडणी नाही. निघताना डंप स्टेशनवर जाऊन टाक्या रिकाम्या करायच्या. आमचा ट्रेलर ३० अँपचा, म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॅट. ऐकायला भरपूर वाटतं. पण एसी दीड हजाराच्या आसपास घेतो, चहाची किटली दीड हजार, आणि पाणी तापवायचा हीटर विजेवर ठेवला असेल तर तोही तेवढेच. तिन्ही एकदम लावले की ब्रेकर पडलाच. त्यामुळे चहा नेहमी गॅसवर, आणि एसी चालू असेल तेव्हा हीटरही गॅसवर. खांब आणि ट्रेलर यांच्यामध्ये सर्ज प्रोटेक्टर आणि नळाला प्रेशर रेग्युलेटर, या दोन वस्तूंवर पैसे वाचवू नका.

सांडपाण्याची जोडणी नसल्यामुळे सगळ्यात आधी भरते ती ग्रे टँक, म्हणजे सिंक आणि शॉवरच्या पाण्याची टाकी. आमची तीस गॅलनची आहे. पाच माणसांचं साग्रसंगीत जेवण करून भांडी आत घासली तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच दिवा लाल. ते पाणी जमिनीवर सोडायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे, उतार सरळ तळ्याकडे जातो. आम्ही अंघोळी बाथहाउसमध्ये करतो, आत फक्त आई. भांडी आधी कागदाने पुसून घ्यायची, मग टबात थोड्या पाण्यात घासायची. तेलकट कढई तर पुसल्याशिवाय सिंकमध्ये जातच नाही.

ब्लॅक टँकबद्दल, म्हणजे संडासाच्या टाकीबद्दल, लोक फार बिचकतात. बिचकू नका. तिला भरपूर पाणी लागतं, कमी पाण्यामुळेच मैला तळाशी साचून घट्ट होतो. आपण संडासात मगाने पाणी वापरणारी माणसं, त्यामुळे ती चिंता आमच्याकडे नाही, फक्त टाकी थोडी लवकर भरते. रिकामी करताना आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. जाड हातमोजे, पाइपचा पारदर्शक कोपरा आणि नंतर ब्लॅक टँकमध्ये दोन बादल्या स्वच्छ पाणी, बस. सारं पंधरा मिनिटांचं काम. रविवारी दुपारी मात्र तिथे रांग लागते. आम्ही सकाळी नाश्ता झाला की निघतो.

स्वयंपाकाचं वेगळं सांगायला हवं. ट्रेलरचं छत हाताला लागेल इतकं खाली, आणि धूर ओळखणारा अलार्म शेगडीपासून जेमतेम पाच फुटांवर. मिरचीची फोडणी आत देणं शक्यच नाही. छतावरचा पंखा पूर्ण वेगाने लावला तरी अलार्म वाजतो. म्हणून आत फक्त चहा, दूध, वरणभाताचा कुकर. बाकी सगळं ऑनिंगखाली (ट्रेलरच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छपराखाली), दोन शेगड्यांच्या कॅम्प स्टोव्हवर, तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा करून. आत प्रोपेनचा डिटेक्टर जमिनीलगत बसवलेला असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड आहे. तो काढून ठेवू नका आणि त्यावर 'वापराची मुदत' छापलेली असते ती बघा. आमचा जुना निघाला होता, पहिल्याच आठवड्यात बदलला.

मार्चमध्ये एका संध्याकाळी बाबांनी भरताची वांगी थेट निखाऱ्यावर लावली. ओकचं सरपण, ते पार्कात विकत मिळतं. पडलेली लाकडं गोळा करायला परवानगी नाही. सालपट काळं पडून तडकलं, आतून पाणी सुटून निखाऱ्यावर चुरचुरायला लागलं, तेव्हा आईने ताटलीत काढून वरून दुसरी ताटली उपडी घातली. दहा मिनिटांनी सोलून, कांदा, कोथिंबीर, कच्चं तेल आणि ठेचलेली हिरवी मिरची. घरच्या इलेक्ट्रिक शेगडीवर इतकी वर्षं आम्ही जे करत होतो त्याला भरीत म्हणवणार नाही. काउंटीत बर्न बॅन (वणव्याच्या भीतीने उघड्या जाळावर बंदी) लागला की लाकूड आणि कोळसा दोन्ही बंद, गॅसची शेगडी चालते. उन्हाळ्यात असं वारंवार होतं, तेव्हा निघण्याआधी पार्कच्या पानावर सूचना बघून घ्या.

पार्कातली सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे गुलाबी खडक. व्हॅली स्प्रिंग नाइस म्हणतात त्याला (नाइस म्हणजे पट्टेदार रूपांतरित खडक), शंभर कोटी वर्षांहून जुना. बाबांनी आयुष्यभर सह्याद्रीचा काळा कातळ बघितलेला, तो साडेसहा कोटी वर्षांचा. इथल्या खडकात उघडे पट्टे दिसतात, गुलाबी, करडे, मध्येच चकाकणारा अभ्रक. डेव्हिल्स वॉटरहोलच्या वरच्या बाजूला ते अर्धा तास उकिडवे बसून एकेका पट्ट्यावरून बोट फिरवत होते. वॉटरहोल म्हणजे तळ्याचाच एक खोल कोपरा, तरुण मुलं कड्यावरून उड्या मारतात. पार्कात जीवरक्षक नसतात. लेकीला आम्ही लाइफ जॅकेटशिवाय पाण्यात सोडत नाही, तिला पोहता येत असलं तरी. पार्काच्या काठावरून किंवा मासेमारीच्या धक्क्यावरून मासे धरायला टेक्सासात परवाना लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बाबांचे दुपारचे तीन तास तिथेच जातात. जवळच पार्क रोड ४ वर लाँगहॉर्न कॅव्हर्न ही गुहा आहे. तिथे १९३० च्या दशकात सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या बेरोजगार तरुणांसाठीच्या सरकारी योजनेतल्या तरुणांनी काम केलं, त्यांनी बांधलेल्या दगडी इमारती आजही उभ्या आहेत. आत गार असतं, मे-जूनची दुपार काढायला उत्तम.

दोष सांगायचे तर तीन. पहिला फ्रिज. आमचा गॅस आणि वीज दोन्हीवर चालणारा जुन्या पद्धतीचा आहे. ट्रेलर समतल नसेल तर तो नीट थंड करत नाही, आणि पश्चिमेचं ऊन त्याच्या बाजूच्या जाळीवर आलं तर दही टिकत नाही. साइट निवडताना आम्ही आता पाण्याच्या दृश्याबरोबर दुपारच्या सावलीची दिशाही बघतो. दुसरा, छतावरच्या स्कायलाइटभोवतीचं सीलंट. विकणाऱ्याने 'नुकतंच केलंय' सांगितलं होतं, पण जानेवारीच्या पावसात बाथरूमच्या कोपऱ्यात ओल दिसली. जुनं सीलंट खरवडून नवीन भरलं, तेव्हापासून कोरडं आहे. शिडी लावून दर तीन महिन्यांनी छत बघायचं, हे ट्रेलरच्या मालकीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. आत शिरलेलं पाणी लाकडी सांगाडा कुजवतं आणि बाहेरून काही दिसत नाही. तिसरा, दाराच्या पायऱ्या. त्या उंच आणि डुगडुगणाऱ्या असतात. आईसाठी आम्ही खाली एक रुंद चौरंगासारखी पायरी ठेवली आणि दाराशेजारी लांब दांडा बसवून घेतला. वयस्कर माणसांसाठी घेणार असाल तर विक्रेत्याकडे त्यांनाच चढायला-उतरायला लावा, संडासात बसून उठायला लावा. पलंगाभोवती चालायला दोन्ही बाजूंनी जागा आहे का तेही बघा.

टायरवर चार आकड्यांचा कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ट्रेलरचे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात, पाच-सहा वर्षांत बदलायचे. आमचे घेतल्या-घेतल्या बदलले.

हवामानाबद्दल कळकळीने सांगते. हिल कंट्रीला, म्हणजे मध्य टेक्सासच्या या डोंगराळ भागाला, फ्लॅश फ्लड ॲली (अचानक येणाऱ्या पुरांचा पट्टा) म्हणतात ते उगाच नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये लानो नदीच्या पुरात किंग्सलँडचा पूल वाहून गेला, ते ठिकाण इंक्स लेकच्या थोडंच खाली आहे. जुलै २०२५ मध्ये ग्वाडालूप नदीला रात्रीतून पूर आला, शंभराहून जास्त माणसं गेली, नदीकाठचे आरव्ही पार्कही सापडले. इंक्सची पातळी एरवी स्थिर असली तरी वर बुकॅननचे दरवाजे उघडले की सगळं पाणी इथूनच जातं. आमच्याकडे बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ उशाशी असतो, फोनचे इशारे रात्री बंद करत नाही. पुराचा वॉच (पूर येऊ शकतो अशी पूर्वसूचना) असेल तर बुकिंग सोडून देतो. आणि रात्री निघायची वेळ आलीच तर ट्रेलर तिथेच सोडायचा आणि माणसं घेऊन उंचावर जायचं, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. आईलाही.

बुकिंग पाच महिने आधी उघडतं. मार्च-एप्रिलचे शनिवार-रविवार, त्यातही पाण्यालगतच्या साइट, लगेच जातात. आई-बाबांचं तिकीट काढलं त्याच दिवशी आम्ही तारखा धरल्या. रविवार ते गुरुवार मिळण्याची शक्यता बरीच जास्त आणि पार्कही शांत. ऐनवेळी रद्द झालेल्या साइट दिसतात, रोज सकाळी एकदा बघायची सवय ठेवा. टेक्सास स्टेट पार्क पास आम्ही काढला तेव्हा ७० डॉलरला वर्षभरासाठी होता, गाडीतल्या सगळ्यांचं प्रवेशशुल्क त्यात येतं. एका साइटवर आठच माणसं चालतात, तेव्हा चार कुटुंबांचा बेत असेल तर शेजारशेजारच्या साइट धरा. रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ असते. पाण्यावरून आवाज फार लांब जातो, गाण्यांच्या भेंड्या दहाच्या आत आटपा.

खर्चाचं शेवटी. ट्रेलर सोसायटीच्या नियमामुळे घरासमोर ठेवता येत नाही, त्यामुळे स्टोरेजचं महिन्याचं भाडं, विमा, वर्षाकाठी सीलंट, बेअरिंगचं ग्रीस असं धरून चाला. नुसत्या पैशांच्या हिशेबात हॉटेल स्वस्त पडेल. जून-जुलैत आम्ही तो काढणार नाही, शंभर फॅरनहाइटच्या वर एसी जेमतेम पुरतो आणि आईला तो घरघराट सहन होत नाही. ऑगस्टमध्ये आई-बाबा परत जातात. ऑक्टोबरच्या तारखा आम्ही तिघांसाठी धरल्या आहेत, आणि पुढच्या मार्चच्या पाचांसाठी बुकिंग उघडायची वाट बघतोय.