सारखं बोंबलणारं सिम्प्लेक्स प्लस: आपल्या मातीत ते कसं गप्प करायचं

नोक्ता कंपनीचं सिम्प्लेक्स प्लस हे हौशी वापराचं मेटल डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू शोधून वाजणारं मशीन. 12 किलोहर्ट्झ, 11 इंची डीडी कॉइल (जमिनीवरून फिरवायची चकती, आत D आकाराची दोन वेटोळी), वजन 1.3 किलो, 3 मीटर पाण्यात चालतं. रोटाव्हेटरचं निखळलेलं पातं, मातीत गाडला गेलेला लोखंडी व्हॉल्व्ह किंवा सरीत पडलेलं जोडवं शोधायला सातारा-सांगलीकडे एवढं पुरतं. तक्रार एकच असते, की काही नसताना वाजतं. ते कधी वाजतं हे नीट पाहिलं तर कारण लगेच सापडतं.

आधी कॉइल कमरेएवढी उचला आणि हात अजिबात हलवू नका. ऑल मेटल मोड (सगळे धातू दाखवणारा), सेन्सिटिव्हिटी, म्हणजे संवेदनक्षमता, पूर्ण. अशा स्थितीतही बीप येत असतील तर जमिनीचा काही संबंध नाही, विजेचा त्रास आहे. कॉइल तशीच धरून स्वतःभोवती फिरा. ज्या बाजूला आवाज वाढतो, तिकडे डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर), सौरपंपाचा कंट्रोलर नाहीतर मोटरचा व्हीएफडी (वेग बदलणारा ड्राइव्ह) असतो. डुकरांसाठी कुंपणाला लावलेलं झटका मशीन तर आवाजावरूनच ओळखू येतं: साधारण सेकंदाच्या ठेक्यात एकेक टक, अगदी घड्याळासारखं. त्याला सेटिंगचा उपाय शोधत बसू नका, शेतमालकाला सांगून तेवढा वेळ बंद करून घ्या. पाटण-कराडकडे उच्चदाब तारांखाली किंवा चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांजवळ उतरण्याआधीही हीच चाचणी करा.

उपायाचा क्रम महत्त्वाचा. खिशातला फोन फ्लाइट मोडवर, पिनपॉइंटर (खड्ड्यात धातू शोधायची हातातली छोटी कांडी) बंद. मग फ्रिक्वेन्सी शिफ्ट (मशीनची फ्रिक्वेन्सी किंचित सरकवणारं सेटिंग) एकेक पायरी बदलून सगळ्यात शांत जागा निवडा. सेन्सिटिव्हिटी शेवटी, तीही एकेक पायरीच खाली, कारण तिच्याबरोबर खोलीही जाते. बरेच जण नेमकी उलटी सुरुवात करतात आणि मग मशीन खोल बघत नाही म्हणतात. एकाच फ्रिक्वेन्सीची दोन मशीनं शेजारी चालवत असाल तर 10-15 मीटर अंतर ठेवा.

हवेत गप्प, पण जमिनीवर कॉइल वरखाली केली की वाजतं, असं असेल तर माती बोलतेय. आपल्याकडची काळी माती आणि मुरूम बेसॉल्टमधून आलेले. त्यात लोहयुक्त चुंबकीय खनिजं भरपूर. महाबळेश्वरकडची तांबडी जांभ्याची जमीनही तशीच. म्हणून इथे ग्राउंड बॅलन्सशिवाय, म्हणजे मातीचा सिग्नल ओळखून तो दुर्लक्षित करायला मशीनला शिकवल्याशिवाय, भागत नाही. धातू नसलेली हातभर जागा शोधा, ग्राउंड बॅलन्सचं बटण दाबून धरा आणि कॉइल जमिनीला समांतर ठेवून 3 सेंटिमीटरपासून 15-20 सेंटिमीटरपर्यंत वरखाली करा, आवाज विरेपर्यंत. उसाच्या काळ्या रानातून मुरमाड बांधावर आलात की पुन्हा करा. सकाळी एकदा केला म्हणजे दिवसभर पुरला असं होत नाही. बाजारातल्या स्वस्त मशीनचा ग्राउंड बॅलन्स कारखान्यातच पक्का केलेला असतो. तसलं मशीन इकडच्या मातीत घेऊ नये, हे स्पष्ट सांगतो. अर्थात, सिम्प्लेक्सही एकाच फ्रिक्वेन्सीचं आहे. खनिजाच्या जमिनीत एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणाऱ्या (मल्टी-फ्रिक्वेन्सी) मशीनइतक्या खोलीची अपेक्षा धरू नका.

वाळवा-मिरजेकडच्या क्षारपड जमिनीचं गणित वेगळं. तिथे त्रास खनिजाचा नसून ओल्या मिठाचा असतो. जमीनच वीज वाहते आणि मशीनला ती पातळ पत्र्यासारखी भासते. अशा ओल्या चोपणात बीच मोड (खाऱ्या किनाऱ्यासाठीचा) लावा आणि ग्राउंड बॅलन्स नव्याने घ्या. समुद्र कितीही लांब असला तरी मोड तोच.

आता अंगचे दोष. कॉइलची वायर दांड्याला घट्ट गुंडाळलेली हवी, फक्त सांध्याजवळ थोडी सैल. लोंबकळणारी वायर कॉइलपुढून हलली की बीप. कनेक्टरची कडी हाताने पूर्ण आवळा. पिनांवर हिरवट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कॉइलच्या खालच्या कव्हरात काळा चिखल साठून वाळतो आणि तोच कॉइलबरोबर फिरत राहतो. कव्हर काढून धुवा. कॉइलचा बोल्ट प्लास्टिकचाच ठेवा, आणि लोखंडी टाचेचे बूट घरी. कॉइल डावीउजवीकडे फिरवताना झोक्याच्या दोन्ही टोकांना ती वर उचलायची सवय असेल तर तिथेही खोटा आवाज येणारच. पूर्ण झोकाभर जमिनीपासून 3-5 सेंटिमीटर उंची ठेवा.

चाचणीसाठी चुंबकाला चिकटणारं 1 किंवा 2 रुपयांचं नाणं वापरू नका. ते फेरिटिक पोलादाचं असल्याने पडद्यावरचा आकडा (धातूचा प्रकार सुचवणारा) उड्या मारतो आणि मशीनवर उगाच संशय येतो. तांब्याचा किंवा पितळेचा तुकडा 10 सेंटिमीटर खोल पुरा. आकडा दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा आला पाहिजे. खरा सिग्नल असाच तपासायचा: आडवा झोका, मग 90 अंशांत उभा. एकाच दिशेने वाजला आणि आकडा सैरावैरा धावला, तर बहुधा गंजका खिळा. चपटं वॉशर मात्र चांगल्या धातूसारखा उंच आकडा देऊन फसवतं. त्याला इलाज खुरपंच.

तासगावकडच्या द्राक्षबागेत मांडवाच्या तारा आणि लोखंडी अँगल यांमुळे 11 इंची कॉइल जेरीस येते. तिथे 8.5 इंची छोटी कॉइल घ्या, सेन्सिटिव्हिटी कमी करा, दोन अँगलच्या मधल्या पट्ट्यातच फिरा आणि प्रत्येक अँगलपासून हातभर दूर राहा.

बॅटरी आतच बसवलेली, 2300 एमएएच. रानात बदलता येत नाही, म्हणून रात्रीच चार्ज करून ठेवा. संरक्षित किल्ल्यावर किंवा स्मारकावर मशीन नेऊ नका, तो गुन्हा ठरू शकतो. आणि स्वतःच्या रानातही 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन निघालं, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार कलेक्टरला लेखी कळवावं लागतं.